म्हातारपण नेमकं कधी सुरू होतं?

विशीतल्या कुणाला विचारलं की माणूस म्हातारा कधी होतो, तर उत्तर बहुधा पन्नास-साठच्या घरात येतं. तोच प्रश्न पन्नाशीतल्या माणसाला विचारला की आकडा सत्तरीकडे सरकतो, आणि सत्तरीतला माणूस ऐंशीच्या पलीकडे बोट दाखवतो. म्हातारपण आहे हे सगळ्यांना मान्य असतं, फक्त ते आपल्यापासून जरा पुढे असतं.

याची रीतसर मोजणी झाली आहे. जर्मनीत चाळिशीपुढच्या लोकांची एक मोठी पाहणी १९९६ पासून चालू आहे. तिच्यात १९११ ते १९७४ या काळात जन्मलेल्या १४ हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षं विचारलं गेलं, की माणसाला म्हातारं कोणत्या वयापासून म्हणावं. २०२४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौसष्टाव्या वर्षी लोकांचं सरासरी उत्तर होतं ७४.७. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते ७६.८ झालं. म्हणजे वय दहा वर्षांनी वाढलं आणि रेषा दोनच वर्षांनी सरकली. चौसष्टीत म्हातारपण जवळजवळ अकरा वर्षं लांब होतं, चौऱ्याहत्तरीत ते तीन वर्षांच्या आत आलं. रेषा पुढे जाते, पण आपल्या चालीने नाही, त्यामुळे कधी ना कधी आपण तिला गाठतोच. पिढ्यांमधला फरकही दिसला. १९११ साली जन्मलेल्यांना पासष्टीत वाटत होतं की म्हातारपण ७१ ला लागतं. १९५६ साली जन्मलेल्यांनी त्याच वयात ७४ हा आकडा सांगितला. स्त्रिया ही रेषा पुरुषांपेक्षा साधारण दोन वर्षं पुढे ओढतात. आणि ज्यांची तब्येत बरी नाही, जे एकटे पडले आहेत, त्यांना म्हातारपण लवकर दिसू लागतं. या शेवटच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता कुणी म्हणेल, एवढा खल कशाला, साठ किंवा पासष्ट हे वय तर ठरलेलंच आहे. ते ठरलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. १८८९ साली बिस्मार्क जर्मनीचा चॅन्सेलर असताना तिथे वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात वयाची अट होती ७०. ती ६५ वर आली १९१६ साली, म्हणजे बिस्मार्क जाऊन अठरा वर्षं झाल्यावर. अमेरिकेने १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ हाच आकडा घेतला आणि तो हळूहळू जगभरच्या डोक्यांत पक्का बसला. पैसा किती, घेणारे किती, सरकारला किती झेपेल, या हिशोबातून हे वय आलेलं आहे. पासष्टाव्या वाढदिवसाला शरीरात काही घडतं असं ते ठरवणाऱ्या कुणाचंही म्हणणं नव्हतं. २०१७ साली जपानमधल्या वार्धक्यशास्त्राच्या दोन संघटनांनी तर उघडच सुचवलं, की ‘वृद्ध’ हा शब्द ७५ पासून वापरावा आणि ६५ ते ७४ हा त्याआधीचा टप्पा समजावा. कारण त्यांच्याकडच्या नोंदींनुसार आताच्या ज्येष्ठांचं शरीर आणि बुद्धी आधीच्या ज्येष्ठांपेक्षा पाच-दहा वर्षांनी तरुण आहे.

लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या वॉरन सँडरसन आणि सर्गेई शेर्बोव्ह यांनी दुसरी वाट सुचवली. त्यांच्या मते जन्मापासून किती वर्षं गेली हे मोजण्याऐवजी सरासरीने किती उरली आहेत हे मोजावं. ज्या वयात पुढची अपेक्षित वर्षं पंधरा किंवा त्याहून कमी होतात, त्या वयापासून माणूस वृद्ध. या मापाने प्रत्येक काळाची आणि प्रत्येक समाजाची रेषा वेगळी पडते. लोक जास्त जगू लागले की म्हातारपण आपोआप पुढे जातं. मला हे माप साठ-पासष्टच्या दगडापेक्षा बरंच समंजस वाटतं. तरी तेही लोकसंख्येचं माप आहे. आरशासमोर उभ्या असलेल्या एका माणसाला त्याचा उपयोग मर्यादितच.

शरीरात रेषा कुठे आहे?

कुठेच नाही. १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झ नावाच्या इंग्रज गणितज्ञाने विम्याच्या कामासाठी मृत्यूचे तक्ते तपासले. त्याला आढळलं, की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक गतीने वाढत जातो. आजच्या आकडेवारीत तो दर आठेक वर्षांनी साधारण दुप्पट होतो. तिशीपासून थेट ऐंशीच्या पुढेपर्यंत हीच चढण आहे. तिच्यात इथून म्हातारपण लागलं असं म्हणावं असा कुठे कंगोरा नाही.

आत जे चालतं त्याचंही तसंच आहे. पेशींमधल्या डीएनएला रोज इजा होते आणि रोज तिची दुरुस्ती होते, वय वाढतं तशी दुरुस्ती मागे पडू लागते. गुणसूत्रांच्या टोकांना असलेली टेलोमिअर नावाची आवरणं झिजतात. काही पेशी विभागायच्या थांबतात, पण मरत नाहीत, आणि आसपास दाह निर्माण करत राहतात. शास्त्रज्ञांनी २०१३ साली वार्धक्याच्या अशा नऊ खुणांची यादी केली, २०२३ साली ती बारांवर गेली. यातली कुठलीही एका दिवसात उगवत नाही.

मग माणसाला आपलं वय एकदम का जाणवतं? ‘परवापर्यंत ठीक होतो’ असं का वाटतं? सगळ्या विषयातली हीच गाठ मला महत्त्वाची वाटते, म्हणून ती सावकाश सोडवतो. त्यासाठी डोळ्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगतं आणि त्याची ताकद वाढते. ही वाढीव ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात, म्हणजे चष्म्याचा नंबर ज्या मापात सांगतात त्याच मापात. दहा वर्षांच्या मुलाकडे ती साधारण १५ असते. इतकी, की नाकाच्या टोकापासून चार बोटांवर धरलेलं अक्षरही त्याला दिसतं. विसाव्या वर्षी ती साडेबाराच्या आसपास येते, चाळिशीत साडेसहा, पंचेचाळिशीत पाच, पन्नाशीत साडेतीन. नीट पाहिलं तर ही उतरण शाळेच्या वयापासूनच चालू आहे, आणि दरवर्षी जवळपास सारखीच आहे. भिंग वर्षागणिक ताठर होत जातं, एवढंच कारण.

आता दुसरी बाजू. पुस्तक आपण साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. तिथलं वाचायला अडीच डायॉप्टर पुरतात. पण स्नायू सतत पूर्ण ताणून वाचता येत नाही, डोळे दुखतात. आरामात वाचायचं तर गरजेच्या दुप्पट ताकद हाताशी लागते, म्हणजे पाच. आणि पाचाचा आकडा येतो पंचेचाळिशीच्या सुमाराला. त्याआधीच्या पस्तीस वर्षांत दोन तृतीयांश ताकद गेली, पण आपल्याला पत्ता नव्हता, कारण ती आपण कधी वापरतच नव्हतो. शेवटचा थोडासा भाग गेला आणि अचानक औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला हात लांब करावा लागला, दिव्याखाली जावं लागलं. लोक म्हणतात, यंदा चाळिशी लागली. खरं तर यंदा काहीच वेगळं घडलेलं नसतं.

तळ्यातलं पाणी रोज बोटभर उतरत असतं, पण काठावरून कळत नाही. एक दिवस मधला खडक उघडा पडतो आणि सगळे म्हणतात, पाणी आटलं.

शरीरशास्त्रात या शिल्लक पाण्याला राखीव क्षमता म्हणतात. जवळजवळ प्रत्येक अवयव रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता घेऊन येतो. मूत्रपिंडांचं पाहा. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस उरलेल्या एकावर वर्षानुवर्षं व्यवस्थित जगतो, इतकी ती क्षमता जादा आहे. तिशी-चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दरवर्षी साधारण एका टक्क्याने घसरते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर जाणवत नाही. जाणवते ती आडवळणाने. जे औषध चाळिशीत सहज बाहेर टाकलं जायचं, ते पंचाहत्तरीत अंगात रेंगाळतं. म्हणून वयस्कर माणसाला बऱ्याच औषधांचा डोस कमी द्यावा लागतो, आणि म्हणूनच घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी त्यांना सहज म्हणून देऊ नये.

हृदयाचंही असंच. बसल्या जागी हृदयाचे ठोके तिशीत आणि सत्तरीत फारसे वेगळे नसतात. कमी होते ती कमाल मर्यादा, वर्षाला सुमारे एक ठोका. ढोबळ हिशोबाने विशीत हृदय मिनिटाला २०० पर्यंत धावू शकतं, साठीत १६० पर्यंत. त्यामुळे सपाटीवर चालताना वय दिसत नाही, ते जिन्यात दिसतं. त्यातही दुसऱ्या मजल्यापर्यंत नाही, चौथ्यावर.

कानाची गोष्ट जरा वेगळी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित. वयानुसार आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. आता बोलण्यात स्वर असतात खालच्या पट्टीत, त्यांनी आवाजाला जोर येतो. पण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि अगदी हलकी असतात. म्हणून अशा माणसाला समोरचा बोलतोय हे नीट ऐकू येतं, फक्त तो ‘साप’ म्हणाला की ‘थाप’ ते कळत नाही. त्याला मनापासून वाटतं, की हल्ली लोक नीट बोलत नाहीत, पुटपुटतात. घरच्यांना वाटतं, यांचं लक्ष नसतं, किंवा हवं तेवढंच ऐकू येतं. ओरडून बोललं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर कुणी चिडलंय. यातून किती घरांत विनाकारण दुरावा येत असेल! माणूस हळूहळू चारचौघांत बसणं टाळतो, आणि मग सगळे म्हणतात, वय झालं, आता त्यांना बोलायला आवडत नाही.

उड्या कुठून येतात?

उतरण संथ असली तरी मध्येच मोठी उडी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ‘त्या आजारपणानंतर ते एकदम थकले.’ हे नुसतं वाटणं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस पलंगावर ठेवलं गेलं. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित, फक्त उठायचं नाही. दहा दिवसांनी त्यांच्या फक्त पायांमधून जवळपास एक किलो स्नायू कमी झालेला होता. तिशीनंतर स्नायू तसेही दर दशकात काही टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पण महिनाभर अंथरुणाला खिळल्यावर एका झटक्यात कित्येक वर्षांची उतरण होते. तरुण माणसाच्या बाबतीतही स्नायू जातो, फक्त त्याचं पाणी खडकाच्या कितीतरी वर असतं, शिवाय तो भरूनही लवकर काढतो. पंचाहत्तरीत तोच फटका बसला तर खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो, उठायचं जिवावर येतं म्हणून माणूस कमी उठतो, आणि कमी उठल्याने स्नायू आणखी जातो.

२०२४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचं एक काम बरंच गाजलं. २५ ते ७५ वयाच्या १०८ लोकांच्या रक्तातले आणि शरीरातले हजारो रेणू मोजून त्यांनी दाखवलं, की साधारण ४४ आणि ६० या वयांच्या आसपास बदलांची गर्दी होते. बातम्यांनी लगेच ‘माणूस दोनदा म्हातारा होतो’ असे मथळे दिले. अभ्यास कुतूहल वाढवणारा आहे, पण १०८ माणसं ही फार थोडी, आणि चव्वेचाळिशीत आयुष्यात इतरही बरंच काही बदलत असतं. एवढ्यावर कुणी स्वतःच्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाची धास्ती घेऊ नये.

त्याहून मला जास्त खोल वाटतं ते न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातलं काम. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा जन्मापासून आजवर पाठपुरावा चालू आहे. ते ३८ वर्षांचे असताना त्यांची मूत्रपिंडं, फुप्फुसं, यकृत, हृदय, दात, रक्त असं सगळं तपासून प्रत्येकाचं शरीराचं वय काढलं गेलं. जन्मदाखल्याप्रमाणे सगळे अडतीसचे. शरीराप्रमाणे कुणी २८ चा, तर कुणी ६१ चा. जे वेगाने वयस्क होत होते त्यांची ताकद, तोल, बुद्धीच्या चाचण्यांमधले गुण, सगळंच इतरांच्या मागे होतं. आणि एक बारीक गोष्ट: या लोकांशी काहीही ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचे फोटो दाखवून वय ओळखायला सांगितलं, तेव्हा त्यांनी शरीराने थकलेल्यांना मोठं ठरवलं. अर्थात चेहरा दर वेळी खरं बोलतो असं नाही. केस तर जवळजवळ कधीच नाही. पांढरा केस म्हणजे मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी संपल्या, बाकी अवयवांचा त्यात फार संबंध नसतो, आणि ते कधी व्हायचं हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. तरी माणूस पहिल्या पांढऱ्या केसाने हलतो आणि जिन्यात लागलेल्या धापेकडे काणाडोळा करतो. हे मला नेहमी उलटं वाटत आलेलं आहे.

बुद्धीच्या बाबतीत ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण फार माणसांवर अन्याय करते. २०१५ साली सुमारे ५० हजार लोकांच्या चाचण्यांवरून आढळलं, की बुद्धीचं एकच शिखर नसतं. माहिती झटपट हाताळण्याचा वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षीच शिखरावर असतो. नवी माहिती थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता पंचविशीपासून पस्तिशीपर्यंत उत्तम असते. समोरच्याच्या डोळ्यांतून त्याची भावना ओळखणं चाळिशी-पन्नाशीत सर्वांत चांगलं जमतं. आणि शब्दसंपत्ती साठीच्या उत्तरार्धात, सत्तरीच्या आसपास सर्वांत भरलेली असते. म्हणजे पंचविशीतला माणूस एका बाबतीत उताराला लागलेला असतो आणि सत्तरीतला दुसऱ्या बाबतीत अजून चढत असतो. नाव आठवायला वेळ लागतो हे खरं. पण वेळ लागणं वेगळं आणि हरवणं वेगळं.

‘वयाचंच आहे’

तब्येत बरी नसलेल्यांना आणि एकटे पडलेल्यांना म्हातारपण लवकर दिसतं, आता त्या राहिलेल्या मुद्द्याकडे येतो. आपण स्वतःला किती वर्षांचे समजतो, याचंही संशोधन झालं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात चाळिशीपुढच्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा साधारण २० टक्क्यांनी लहान आहोत असं वाटत होतं. पन्नाशीतल्याला चाळीस, सत्तरीतल्याला छप्पन. उलट पंचविशीच्या आतल्यांना आपण मोठे आहोत असं वाटत होतं. मनातलं वय मागे राहतं यात वेडेपणा काही नाही, बहुतेक निरोगी माणसांचं ते राहतंच. म्हणून तर कुणी अनोळखी माणूस बसायला जागा देतो तेव्हा पहिल्यांदा नीट उमगत नाही, की हे आपल्यासाठी आहे. वय आपल्याला आतून क्वचितच कळतं. ते बरेचदा दुसऱ्याच्या नजरेतून, जुन्या फोटोतून, किंवा आपल्याला हाक मारण्याच्या पद्धतीतून कळतं.

पण म्हातारपणाबद्दल आपण काय समजून बसलो आहोत, त्याचा परिणाम थेट शरीरापर्यंत जातो असं दिसतं. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ साली अमेरिकेतल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांच्या जुन्या नोंदी तपासल्या. वाढत्या वयाबद्दल ज्यांचं मत बरं होतं, ते वाईट मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. सुरुवातीची तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरला. यावरून चांगला विचार केला की आयुष्य वाढतं असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्याला आतून बरं वाटत असतं त्याचं मतही बरं असतं, हा गुंता अशा अभ्यासातून पूर्ण सुटत नाही. तरी एक वाट मला अगदी पटते, कारण ती आसपास रोज दिसते. ज्याला वाटतं की म्हातारपण म्हणजे दुखणारच, थकणारच, विसरणारच, तो दुखणं घेऊन डॉक्टरकडे जात नाही. ‘वयाचंच आहे’ म्हणतो आणि बसतो. घरचेही तेच म्हणतात.

या दोन शब्दांखाली काय काय दडपलं जातं, ते थोडं मोकळं करतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं सर्व वयांत होतं. चष्मा कशासाठी असतो हे न सुचणं, रोजच्या वाटेवर हरवणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, हे वयाचं नाही आणि त्याची तपासणी व्हायला हवी. चौथ्या मजल्यावर धाप लागणं समजण्यासारखं आहे. गेल्या महिन्यापर्यंत चढत होतो तो एकच जिना आता थांबत थांबत चढावा लागणं, ही हृदयाची, फुप्फुसांची किंवा रक्त कमी असल्याची खूण असू शकते. आपोआप वजन उतरणं, मन महिनोन्‌महिने उदास राहणं, पडणं, यातलं काहीही वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. ऐकू कमी येण्याबद्दल तर आता ठोस माहिती आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे, पण बदलता येणारे १४ घटक नोंदवले, आणि त्यांतल्या मोठ्या घटकांपैकी एक आहे उपचार न केलेला बहिरेपणा. चाळिशीचा चष्मा लावताना कुणाला संकोच वाटत नाही. श्रवणयंत्राला मात्र माणसं वर्षानुवर्षं नकार देतात, का तर ते लावलं की म्हातारं दिसू.

राखीव क्षमतेबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार धीर देते. तिच्यातली बरीच परत भरता येते. डोळ्यातलं भिंग मऊ होणार नाही आणि कानातल्या गेलेल्या पेशी परत येणार नाहीत, पण स्नायूंचं तसं नाही. १९९० साली अमेरिकेत डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. माणसं अशक्त होती, अनेक आजार असलेली. हलकी कवायत नव्हती ती, झेपेल त्यातलं जड वजन दिलं होतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ज्या नऊ जणांनी हे पूर्ण केलं त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी घेणं सोडलं.

आपण कुठे आहोत हे पाहायचं असेल तर आरशापेक्षा खुर्ची जास्त खरं सांगेल. हात नसलेली, न हलणारी साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. पडण्याचा धोका तपासण्यासाठी डॉक्टर हीच चाचणी वापरतात. ६० ते ६४ या वयात पुरुषांचा आकडा १४ च्या खाली आणि स्त्रियांचा १२ च्या खाली आला तर तो सरासरीपेक्षा कमी धरतात, आणि ६५ ते ६९ मध्ये अनुक्रमे १२ आणि ११ च्या खाली. तोल जात असेल, चक्कर येत असेल किंवा गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर एकट्याने करू नये, कुणाला तरी शेजारी उभं करावं किंवा आधी डॉक्टरांना विचारावं. आकडा कमी आला तर पायांच्या व्यायामाला लागावं, आणि काही महिन्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा मोजून पाहावं.